साधनांची यादी बाजूला ठेवा, एक बातमी हातात घ्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काही वर्षं छापील दैनिकात बातमीदारी केली, आता डिजिटलकडे वळायचं आहे. काय काय शिकावं याची यादी करायला बसलात तर ती संपेना. व्हिडिओ संपादन, एसईओ (शोधयंत्रात बातमी वर यावी म्हणून करायची मांडणी), पॉडकास्ट, डेटा, पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा, फॅक्ट चेकिंग, ग्राफिक्स, एआय. नोकरी सांभाळून दिवसाकाठी तासभर मिळतो. एक महागडा कोर्स समोर दिसतो आहे, तो करावा का? कोडिंग आलंच पाहिजे का? आणि जाता जाता, लॅपटॉप कोणता घ्यावा?

मी डिजिटल डेस्कवर काम करते. छापील माध्यमातून आलेल्यांच्या कॉप्या, म्हणजे बातम्यांचे मसुदे, रोज माझ्या हाताखालून जातात. त्यावरून मला वाटतं, तुम्हाला वेळ कमी पडतो आहे यापेक्षा ती यादीच तुम्हाला अडवते आहे. तिच्यात कौशल्यं आणि साधनं एका रांगेत बसवली आहेत. पडताळणी करता येणं हे कौशल्य, ते वापराल तितकं मुरतं. एखादं ॲप हे साधन, आणि साधनाचा काही भरवसा नसतो. सोशल मीडियावरच्या पोस्ट ओवून बातमी उभी करण्यासाठी एके काळी बरेच डेस्क स्टोरिफाय वापरायचे. ते 2018 मध्ये बंद झालं. डेटा शिकवणाऱ्या कितीतरी कार्यशाळा गूगलच्या फ्यूजन टेबल्सवर चालायच्या. 2019 च्या डिसेंबरात गूगलने ते गुंडाळलं. फेसबुकवर काय पसरतंय ते बघायला वापरलं जाणारं क्राउडटँगल 2024 च्या ऑगस्टमध्ये गेलं. प्रत्येक वेळी एकच गोष्ट दिसली. ज्यांना फक्त बटणं पाठ होती ते हवालदिल झाले. ज्यांना आपल्याला नेमकं काय शोधायचं आहे ते ठाऊक होतं, त्यांनी थोडी कुरकुर करून दुसरं साधन उचललं.

म्हणून माझा सल्ला: साधन शिकायला बसू नका. एक बातमी घ्या, ती जिथे अडेल तिथे लागेल तेवढं शिका.

आता हे कोणत्या क्रमाने शिकायचं, ते बरंचसं तुमच्या कामावर अवलंबून आहे. तुम्ही एकट्याने सगळं करणार असाल तर ध्वनी आणि व्हिडिओ लवकर हाताखालून घालावे लागतील. मोठ्या डेस्कवर जाणार असाल तर ते काम करणारी माणसं तिथे असतात. तुमची बीट शिक्षण, आरोग्य, अर्थसंकल्प अशी असेल तर तक्ते आधी. गुन्हेगारी किंवा आंदोलनं असेल तर पडताळणी आधी. मी मजकूर आणि डेटा बघते, माझं मत त्या बाजूला झुकलेलं आहे हेही लक्षात घ्या. व्हिडिओवाला सहकारी तुम्हाला वेगळा क्रम सांगेल आणि तोही चुकीचा नसेल.

पण पडताळणीपासून सुरुवात करा याबद्दल मी ठाम आहे. एक तर ती तुम्हाला अर्धी येते. सोर्सला उलटसुलट विचारणं, दुसऱ्याकडून खातरजमा करणं हे तुम्ही आजवर करत आलात. आता माणसाच्या जागी फोटो किंवा व्हिडिओ आहे, इतकाच फरक.

समजा, मोबाइलवर एक व्हिडिओ आला. पहिला प्रश्न 'हा खरा आहे का' असा विचारू नका, तो फार मोठा आहे. त्याचे तुकडे करा: हा याआधी कुठे दिसला होता का? कुठला आहे? कधीचा आहे? पहिल्यांदा कोणी टाकला? आमच्याकडे येणाऱ्या फसव्या मजकुरात बनावट चित्रं असतात, पण त्याहून जास्त असतात ती जुनी, खरी चित्रं, नव्या दाव्यासकट. म्हणून आधी मागचा माग काढायचा. व्हिडिओतल्या चार-पाच ठळक फ्रेम काढून उलट प्रतिमाशोध करा, म्हणजे शब्दांऐवजी चित्र टाकून ते आधी कुठे आलंय ते शोधा. इनव्हिड-वुईव्हेरिफाय हे ब्राउझरमध्ये बसणारं मोफत साधन फ्रेम वेगळ्या काढून देतं. मग त्या गूगल लेन्स, यांडेक्स आणि टिनआय या तिन्हींवर टाका, कारण तिघांचे निकाल वेगळे येतात. टिनआयवर सर्वांत जुना निकाल वर आणता येतो, ही सोय फार कामाची. काही सापडलं नाही तर फ्रेम कापून फक्त इमारत किंवा फक्त फलक ठेवून पुन्हा शोधा. आणि हे लक्षात असू द्या की काही न सापडणं हा चित्र खरं असल्याचा पुरावा नव्हे.

इथे नवखे लोक मेटाडेटाच्या मागे लागतात. फोटोच्या फाइलमध्ये तारीख, कॅमेरा, कधी कधी जीपीएसचे आकडेही असतात, हे खरं. पण व्हॉट्सॲप, फेसबुक, एक्स यांच्यावरून फिरून आलेल्या फोटोतून ते बहुधा पुसले गेलेले असतात. ज्याने फोटो काढला त्याला गाठून मूळ फाइल मागा. व्हॉट्सॲपवरही ती फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवली तर माहिती शाबूत राहते.

जागा आणि वेळ कशी ठरवायची, याचं मी नेहमी देते ते उदाहरण बीबीसीच्या आफ्रिका आय या शोधपत्रकारिता चमूचं. 2018 मध्ये एक व्हिडिओ पसरला: काही सैनिक दोन स्त्रिया आणि दोन मुलांना घेऊन जातात आणि गोळ्या घालतात. कॅमेरूनच्या सरकारने सुरुवातीला ही खोटी बातमी म्हणून झटकून टाकली. चमूने व्हिडिओतल्या डोंगररांगेची कड उपग्रह चित्रांवरून उभ्या केलेल्या भूरूपाशी जुळवत ती जागा उत्तर कॅमेरूनमध्ये झेलेवेत गावाजवळ असल्याचं शोधलं. मग आसपासची बांधकामं कोणत्या तारखेच्या उपग्रह चित्रात दिसतात आणि कोणत्या चित्रात दिसत नाहीत, यावरून काळ आवळत आणला. शेवटी सावल्या. सावलीची दिशा आणि लांबी यांवरून सूर्य आकाशात कुठे होता ते निघतं, आणि ठिकाण माहीत असलं की त्यावरून दिवस-वेळेचा अंदाज बांधता येतो. घटना 20 मार्च ते 5 एप्रिल 2015 च्या दरम्यानची ठरली. 2020 मध्ये लष्करी न्यायालयाने चार सैनिकांना 10 वर्षांची शिक्षा दिली.

यात वापरलेल्या साधनांपैकी बरीचशी तुमच्याही आवाक्यात आहेत. गूगल अर्थ प्रो मोफत आहे आणि त्यात जुनी उपग्रह चित्रं बघता येतात. सावल्यांसाठी सनकॅल्क आहे. अवघड आहे ते चिकाटीने बघणं: त्या डोंगराकडे कुणीतरी 'हा पुरावा असू शकतो' अशा नजरेने पाहिलं. ती नजर सरावाने येते. स्वतःच्याच मोबाइलमधले जुने फोटो मित्राला द्या, त्याचे त्याने तुम्हाला, आणि जागा-वेळ ओळखून दाखवा. सुरुवातीला हसू येईल, पण डोळा इथेच तयार होतो.

दोन सवयी पहिल्या दिवसापासून लावा. एक, जे पान किंवा पोस्ट वापरणार ते लगेच वेबॅक मशीन या वेबपानं साठवणाऱ्या साइटवर जतन करायचं आणि पत्ता व वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट घ्यायचा. बातमी आल्यावर पोस्ट उडवल्या जातात. दोन, प्रत्येक पडताळणीची नोंद ठेवायची: काय तपासलं, कशावरून, काय तपासता आलं नाही. संपादकाने रात्री फोन करून विचारलं तर ही नोंद वाचून दाखवता आली पाहिजे. आणि एआयने केलेलं चित्र ओळखून देतो म्हणणाऱ्या साधनांच्या टक्क्यांवर बातमी उभी करू नका. ती खऱ्याला खोटं ठरवतात, खोट्याला खरं. तो आकडा फार तर 'अजून खोदा' एवढंच सांगतो.

आता डेटा. या शब्दाला बातमीदार का घाबरतात ते मला कळतं, कारण तो शिकवणारे थेट पायथनपासून सुरू करतात. त्याची घाई नको. आधी स्प्रेडशीट, आणि तिथेही मोजक्याच गोष्टी: क्रम लावणं, फिल्टर, पिव्होट टेबल (ओळींची गटवार मोजणी-बेरीज करून देणारा तक्ता), दोन तक्ते एका समान रकान्यावरून जोडणं, आणि दर काढणं. मोठ्या शहरात गुन्हे जास्त असणारच, तिथे माणसंच जास्त आहेत. लाख लोकसंख्येमागे किती, हे काढलं की क्रमवारी उलटीपालटी होते आणि बहुतेक वेळा बातमी तिथेच असते.

यासोबत थोडं शालेय गणित पुन्हा उजळा. नऊ जणांना 20 मिळतात आणि दहाव्याला 500, तर सरासरी येते 68, आणि 68 च्या जवळपास मिळवणारा त्या खोलीत एकही नसतो. मध्यक घ्या, म्हणजे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा, तो 20 येईल. प्रमाण 10 टक्क्यांवरून 15 वर गेलं तर ती 5 टक्केबिंदूंची वाढ आणि 50 टक्क्यांची वाढ. प्रसिद्धिपत्रकात यातलं सोयीचं तेवढं लिहिलेलं असतं. एकाचे तीन झाले की '200 टक्के वाढ' असं हेडिंग करायचा मोह होतो, तेव्हा मूळ आकडे बघा. एवढं पक्कं असलेला बातमीदार डेस्कला सोन्यासारखा वाटतो, खरंच.

बराचसा वेळ मात्र विश्लेषणात जात नाही, साफसफाईत जातो. एकाच गावाचं नाव ऱ्हस्व-दीर्घाच्या फरकाने तीन प्रकारे लिहिलेलं, कुठे मागे एक स्पेस राहिलेली, तारखा कधी दिवस आधी कधी महिना आधी. संगणकाला ही सगळी वेगळी गावं वाटतात. ओपनरिफाइन नावाचं मोफत साधन अशी सारखी दिसणारी नावं गटांत गोळा करून दाखवतं, मग एकत्र करायची की नाही ते तुम्ही ठरवायचं. पीडीएफमधला तक्ता बाहेर काढायला टॅब्युला आहे, पण ते फक्त मजकूर असलेल्या पीडीएफवर चालतं. स्कॅन केलेल्या कागदावर आधी ओसीआर करावं लागतं, म्हणजे प्रतिमेतली अक्षरं संगणकाकडून ओळखून घ्यावी लागतात. आपल्या लिपीत आणखी एक गंमत आहे: जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली पीडीएफ डोळ्यांना स्वच्छ मराठी दिसते, कॉपी केली की अगम्य चिन्हं येतात. तिथे डोकं आपटत बसू नका, पानाची प्रतिमा करून ओसीआर करा आणि आकडे मूळ कागदाशी एकेक ताडून घ्या. ओसीआर 3 चा 8 करतं.

तक्ता तुम्हाला प्रश्न देत नाही, तो आपणच घेऊन जायचा. 1967 मध्ये डेट्रॉइटला दंगल झाली तेव्हा फिलिप मेयर यांनी डेट्रॉइट फ्री प्रेससाठी दंगलग्रस्त भागातल्या लोकांचं सर्वेक्षण केलं आणि उत्तरं त्या काळच्या मोठ्या संगणकावर तपासली. समाजाच्या अगदी तळाशी असलेले, शिक्षण न मिळालेलेच दंगलीत उतरले, असं तेव्हा बोललं जात होतं. निघालं असं, की महाविद्यालयात गेलेल्यांचा सहभाग शाळा अर्धवट सोडलेल्यांइतकाच होता. समज तपासायचा प्रश्न आधी होता म्हणून संगणक उपयोगी पडला. तुमच्या बीटमध्येही असे समज पडलेले असतील. 'सगळ्यांना माहीतच आहे' असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्यातलं एक उचला.

कोडिंग? त्याची वेळ तुम्हाला आपोआप कळेल. तेच काम दर महिन्याला हाताने करून कंटाळा आला, शेकडो पानांवरची माहिती एकत्र करायची झाली, किंवा फाइल स्प्रेडशीटमध्ये मावेना, की पायथन शिका. तेव्हा ते भराभर येतं कारण हातात काम असतं. एक्सेलच्या एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, जुन्या एक्सएलएस फाइलमध्ये 65,536. ही कोरडी माहिती वाटेल, पण 2020 मध्ये इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेच्या आकड्यांतून कोविडचे 15,841 रुग्ण काही दिवस निसटले ते याच जुन्या फाइलच्या मर्यादेमुळे. जादा ओळी गपचूप गळाल्या. म्हणून फाइल उघडली की पहिली गोष्ट, ओळी किती आहेत ते मोजा आणि देणाऱ्याला विचारून ताडा.

आलेख काढायला डेटारॅपर पुरे, मोफत खात्यात बातमीची गरज भागते. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासून सुरू करा आणि प्रकाशित करण्याआधी मोबाइलवर उघडून बघा. बाकी सौंदर्यदृष्टी हळूहळू येईल.

ध्वनी-व्हिडिओबद्दल थोडक्यात, कारण ते वाचून येत नाही. चित्र हललेलं लोक चालवून घेतात, आवाज कळला नाही तर पुढे सरकतात. म्हणून पहिला खर्च कॉलर माइकवर करा, कॅमेऱ्यावर नको. रेकॉर्डिंगआधी फोन विमान मोडवर टाका, हेडफोन लावून ऐका. प्रत्येक शॉट हात न हलवता दहा सेकंद धरा: लांबून, मधून, जवळून. बाइट, म्हणजे बोलणाऱ्याचं वक्तव्य, झाल्यावर त्या जागेचा नुसता आवाज अर्धा मिनिट घ्या, संपादनात सांधे लपवायला तोच लागतो. ध्वनीला ऑडॅसिटी आणि व्हिडिओला दाविंची रिझॉल्व्हची मोफत आवृत्ती घ्या. फोनवरच्या साध्या संपादन ॲपनेही सुरुवातीला निभावतं.

एसईओला माझ्या मते गरजेपेक्षा जास्त मान मिळतो. वाचक ज्या शब्दांनी शोधेल ते शब्द हेडिंगमध्ये आणि इंट्रोत असावेत, मूळ कागदपत्राची लिंक द्यावी, फोटोला वर्णन लिहावं, दुरुस्ती केली तर वेळेसह सांगावी. हे एका संध्याकाळी शिकून होतं. त्यापुढचं ज्याच्या-त्याच्या संस्थेत वेगळं असतं.

एआयबद्दल तुम्ही घाबरून विचारलं आहे असं वाटलं. मी ते रोज वापरते, मुख्यतः लांब मुलाखतीचं लिप्यंतर करायला. पण ही साधनं शांतता असलेल्या जागी कुणी न बोललेली वाक्यं घालू शकतात आणि मराठी नावांचं वाट्टेल ते करतात. त्यामुळे अवतरणात जाणारं प्रत्येक वाक्य पुन्हा कानाने ऐकायचं. अहवालाचा सारांश काढून घेतलात तर तो 'कोणतं पान आधी वाचू' यासाठी, लिहिण्यासाठी नव्हे. आणि ज्याने नाव न सांगण्याच्या अटीवर काही दिलं आहे, त्याचा कागद कोणत्याही ऑनलाइन सेवेत चढवायचा नाही.

यावरून सुरक्षिततेचं आठवलं, ते यादीत नव्हतंच. ईमेल आणि सोशल मीडियाच्या खात्यांवर दोन टप्प्यांचं लॉगिन आज रात्रीच सुरू करा. पासवर्ड मॅनेजर घ्या. नाजूक सोर्सशी सिग्नल या संदेशांच्या ॲपवर बोला आणि आपोआप पुसले जाणारे संदेश चालू ठेवा. मघाचा मेटाडेटा इथे उलटा फिरतो: 2012 मध्ये अँटीव्हायरसवाले जॉन मॅकॅफी लपून फिरत होते, व्हाइस या माध्यमसंस्थेने त्यांचा फोटो प्रसिद्ध केला आणि त्यातल्या जीपीएस आकड्यांवरून ते ग्वाटेमालात असल्याचं उघड झालं. थोड्याच दिवसांत त्यांना तिथे ताब्यात घेतलं गेलं. तेव्हा सोर्सकडून आलेला फोटो किंवा वर्ड फाइल जशीच्या तशी साइटवर चढवू नका; माहिती पुसून, नवी प्रत करून मगच.

कोर्सचं म्हणाल तर पैसे भरण्याआधी त्यांना तीन गोष्टी विचारा. माझी कॉपी कुणी अनुभवी संपादक ओळ न् ओळ तपासून देणार का? आधीच्या विद्यार्थ्यांच्या प्रसिद्ध झालेल्या बातम्या दाखवाल का? आणि अभ्यासक्रमातले धडे साधनांच्या नावाने आहेत की कामांच्या? पहिल्याचं उत्तर 'नाही' असेल तर तेवढंच शिक्षण मोफत मिळतं. पत्रकारांना शिकवणाऱ्या नाइट सेंटरचे ऑनलाइन कोर्स आहेत, ग्लोबल इन्व्हेस्टिगेटिव्ह जर्नालिझम नेटवर्कची मार्गदर्शिका आहेत, डेटारॅपरची स्वतःची शिकवणी आहे. पण कुणी कॉपी खरोखर तपासून देत असेल तर पैसे वसूल, कारण ती गोष्ट एकट्याने होत नाही.

रोजच्या तासाचं असं करा. पहिले दोन आठवडे दररोज एक फिरता फोटो किंवा व्हिडिओ घेऊन पडताळणी, नोंदीसकट. त्यानंतर तुमच्या बीटमधला एक सरकारी तक्ता निवडा, साधारण काही शे ओळींचा. त्यात एकच प्रश्न तपासा. उत्तर सापडलं की त्या आकड्यामागचं एक माणूस गाठा, त्याचा आवाज रेकॉर्ड करा. मग मजकूर, एक आलेख, दोन मिनिटांचा ध्वनी किंवा व्हिडिओ असं एकत्र प्रसिद्ध करा. खाली 'हे आम्ही कसं केलं' अशी टीप लिहा: डेटा कुठून घेतला, काय गाळलं, कशाबद्दल खात्री नाही. आमच्याकडे अर्ज येतात तेव्हा मी कौशल्यांचा रकाना भरभर खाली सरकवते आणि ही टीप असली तर आधी ती वाचते. दुसरी बातमी निम्म्या वेळात होईल.

राहिला लॅपटॉप. वर सांगितलेलं मजकूर-तक्त्यांचं काम 8 जीबी रॅम असलेल्या कोणत्याही बऱ्या मशीनवर होतं. व्हिडिओ संपादन नियमित करणार असाल तर 16 घ्या. फुटेज वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा, आणि तिचीही एक प्रत दुसरीकडे.